जोडणीची माहिती कुलपात नको

जर्मन नौदलाच्या ब्रॅन्डेनबुर्ग वर्गातील चार फ्रिगेट १९९४ ते १९९६ या काळात सेवेत दाखल झाल्या. त्यांच्यावरील माहिती-संकलनाची यंत्रणा आठ इंची फ्लॉपीवर चालते. या फ्लॉपी ड्राइव्हचे पुढे काय करायचे हा प्रश्न २०२४ मध्ये ऐरणीवर आला, तेव्हा जुनी यंत्रणा समूळ उपटण्याऐवजी फ्लॉपी ड्राइव्हची हुबेहूब नक्कल करणारे नवे उपकरण तिला जोडायचे ठरले. अमेरिकेच्या हवाई दलाने त्याआधीच हा मार्ग धरला होता. तिथल्या अण्वस्त्रदलांना आदेश पोचवणाऱ्या यंत्रणेत आयबीएम सिरीज-१ हे १९७०च्या दशकातले संगणक होते. त्यांच्या आठ इंची फ्लॉपींची जागा २०१९ मध्ये सॉलिड-स्टेट साठवणुकीने घेतली. पैशाची ददात नसलेल्या या दोन संस्था जुन्या संगणकाला नवे उपकरण जोडून काम पुढे नेतात, यात मला शहाणपण दिसते. जे यंत्र वर्षानुवर्षे पारखले गेले आहे ते, शेजारचे एक उपकरण बाजारातून गेले म्हणून, टाकून देण्याचे कारण नाही. पण हे शहाणपण प्रत्येकाला वापरता येत नाही. संगणक आणि उपकरण यांच्यामधल्या तारेवर कोणता संकेत केव्हा जातो, ही माहिती हाती असेल तर चाळीस वर्षांपूर्वीच्या संगणकालाही आजचे उपकरण जोडता येते. ती माहिती कंपनीच्या कपाटात बंद असेल तर दहा वर्षांचा धडधाकट संगणक किंवा प्रिंटरही निकामी होतो. म्हणून कोणत्याही संगणकीय उपकरणाची सेवा थांबवताना त्याच्या जोडणीची संपूर्ण माहिती प्रसिद्ध करण्याचे बंधन निर्मात्यावर असले पाहिजे, आणि ते घालण्याची सुरुवात सरकारी खरेदीपासून व्हायला हवी.

भोसरी, सातपूर, शिरोली किंवा वाळूजच्या औद्योगिक वसाहतींतल्या लहान वर्कशॉपमध्ये हा प्रश्न रोजचा आहे. सीएनसी लेथचा बिडाचा सांगाडा, स्पिंडल, स्लाइड यांची निगा राखली तर ते यंत्र वीस-पंचवीस वर्षे अचूक काम देते. कंट्रोलर मात्र ज्या काळात बनला त्या काळातलाच राहतो. त्यात प्रोग्राम साठवायला मोजकी मेमरी असते आणि बाहेरून प्रोग्राम घ्यायला सिरियल पोर्ट. साखर कारखान्याच्या वजनकाट्यावरचा डिजिटल इंडिकेटर उसाच्या गाडीचे वजन संगणकाला कळवतो, तेही बहुतेकदा अशाच पोर्टमधून. संगणक बदलला, नव्यावर तो पोर्ट नाही, आणि वजनाचा आकडा हाताने टंकावा लागला की शेतकरी आणि कारखाना यांच्यातल्या जुन्या वादाला नवे निमित्त मिळते. पॅथॉलॉजी लॅबमधली रक्ततपासणीची यंत्रे, महाविद्यालयांतली मोजमापाची उपकरणे, बँकेच्या शाखेतला पासबुक प्रिंटर, सगळीकडे हीच स्थिती. इथला संगणक टेबलावरून उचलून दुसरा ठेवावा असा सुटा नसतो. तो एका मोठ्या यंत्राचा अवयव असतो.

सिरियल पोर्टची कहाणी थोडी तपशिलात सांगण्यासारखी आहे, कारण माझ्या म्हणण्याचा सर्वांत भक्कम पुरावा तीच आहे. आरएस-२३२ हे मानक अमेरिकेत १९६० मध्ये प्रसिद्ध झाले, १९६९ मध्ये त्याची ‘सी’ आवृत्ती आली, आणि १९८४च्या आयबीएम पीसी-एटीने त्याचा नऊ पिनांचा पोर्ट रूढ केला. १९९६ मध्ये यूएसबी आली आणि त्यानंतर हळूहळू लॅपटॉपवरून हा पोर्ट नाहीसा झाला. मग काही शे रुपयांचा यूएसबी कन्व्हर्टर लावायचा. अनेकदा तेवढ्याने काम भागते, पण सीएनसीवर एक अडचण हमखास येते. मोठा प्रोग्राम कंट्रोलरच्या मेमरीत मावत नाही, तेव्हा तो थोडा थोडा पाठवला जातो. मेमरी भरत आली की कंट्रोलर ‘थांब’ असा संकेत देतो, जागा झाली की ‘पाठव’ म्हणतो. पूर्वी हा संकेत थेट संगणकातल्या पोर्टच्या चिपपर्यंत पोचत असे. कन्व्हर्टरमध्ये मात्र वाटेत अक्षरांचा साठा असतो. ‘थांब’ कळेपर्यंत आणखी अक्षरे निघून गेलेली असतात, कंट्रोलरची मेमरी ओसंडते आणि यंत्र अलार्म देऊन मधल्याच कटवर उभे राहते. यावर उपाय आहेत. थांबण्याचा संकेत स्वतंत्र तारेवरून घ्यायचा, वेग उतरवायचा, कन्व्हर्टरचा साठा लहान ठेवायचा. वसाहतीतला एखादा हुशार मेन्टेनन्सवाला हे सारे करू शकतो, कारण कोणत्या पिनेवर काय येते, व्होल्टेज उणे-अधिक ३ ते १५ च्या दरम्यान असले पाहिजे, हे सर्व छापील स्वरूपात उपलब्ध आहे. साठ वर्षे उलटून गेल्यावरही या जोडणीसाठी नवी उपकरणे बनतात. तिच्यावर कोणाची मालकी नाही, तिचे तपशील कोणापासून लपवलेले नाहीत.

उलट दिशेनेही हे खरे आहे. जुन्या संगणकाला आजचा पेनड्राइव्ह नुसती पिन बदलून लावता येत नाही. यूएसबीत सगळी सूत्रे संगणकाने हलवायची असतात, उपकरण फक्त विचारल्यावर बोलते, आणि १९८५चा संगणक ती सूत्रे हलवायला शिकलेला नसतो. म्हणून मध्ये एक दुभाषा चिप बसवावी लागते. गोटेक नावाचे छोटे उपकरण साडेतीन इंची फ्लॉपी ड्राइव्हच्या खाचेत बसते, त्याच ३४ पिनांच्या केबलला जोडले जाते आणि पुढून पेनड्राइव्ह घेते. संगणकाच्या लेखी फ्लॉपीच लागलेली असते. एम्ब्रॉयडरीची यंत्रे, सिंथेसायझर, सीएनसी यांना या उपकरणाने नवे आयुष्य दिले आहे. सोनीने २०११ मध्ये फ्लॉपी बनवणे थांबवले, तरी ही यंत्रे थांबली नाहीत. अटारीच्या १९७९ सालच्या आठ-बिट संगणकांसाठी हौशी लोकांनी फुजीनेट नावाचे उपकरण बनवले आहे. ते जुन्याच पोर्टला लागते आणि त्या संगणकाला वायफाय, प्रिंटर, डिस्क सगळे पुरवते. हा पोर्ट घडवणाऱ्यांपैकी जो डीक्युअर पुढे यूएसबीच्या कामातही होते. या सगळ्या उपकरणांमागे मोठ्या प्रयोगशाळा नाहीत, जुन्या पुस्तिका वाचून सोल्डरिंग आयर्न हाती घेणारी माणसे आहेत.

आता प्रिंटरकडे पाहा. एप्सनने डॉट मॅट्रिक्ससाठी ठरवलेली आज्ञावली इतकी सर्वतोमुखी झाली की तीस-पस्तीस वर्षांपूर्वीचा डॉसमधला बिलिंग प्रोग्राम आज घेतलेल्या डॉट मॅट्रिक्सवर विनातक्रार छापतो. व्यापारी पेठांत आणि सहकारी पतसंस्थांत हे रोज घडते. १९८४ साली आलेल्या पोस्टस्क्रिप्ट आणि पीसीएल या पृष्ठवर्णनाच्या भाषांचेही तसेच. त्या समजणाऱ्या प्रिंटरला कोणत्याही पिढीतला संगणक छपाई सांगू शकतो. पुढे स्वस्त लेसर प्रिंटर आले, आणि स्वस्ताई साधण्यासाठी प्रिंटरमधली बुद्धी काढून संगणकातल्या ड्रायव्हरमध्ये टाकली गेली. भारतातल्या असंख्य दुकानांत दिसणारा एचपी लेसरजेट १०२० घ्या. तो सुरू केल्यावर त्याचे स्वतःचे फर्मवेअरसुद्धा संगणकाने दर वेळी पाठवावे लागते. कॅननचा एलबीपी २९०० कंपनीच्या खासगी भाषेत बोलतो. अशा प्रिंटरचा ड्रम चांगला असतो, टोनर भरता येतो, रोलर बदलता येतात. पण ड्रायव्हर नाही म्हणजे प्रिंटर नाही. लिनक्सवर १०२० चालतो तो एका स्वयंसेवी प्रोग्रामरने त्याची भाषा उलगडून काढली म्हणून. खेदाची गोष्ट अशी की हा धडा जगाला फार पूर्वी मिळालेला होता. १९८०च्या सुमारास एमआयटीच्या प्रयोगशाळेला मिळालेल्या झेरॉक्सच्या लेसर प्रिंटरचा सोर्स कोड तिथले प्रोग्रामर रिचर्ड स्टॉलमन यांना नाकारण्यात आला. आधीच्या प्रिंटरवर कागद अडकल्याची सूचना सर्वांना जाईल अशी सोय तिथे करून घेतलेली होती, नव्यावर ती करता येईना. १९८३ मध्ये त्यांनी मुक्त सॉफ्टवेअरचा जीएनयू प्रकल्प जाहीर केला, त्याच्या मुळाशी असलेल्या अनुभवांत हा प्रिंटरही आहे.

माहिती एकाच हाती राहिली की काय होते, याची दोन उदाहरणे आधी सांगितलेल्या यूएसबी कन्व्हर्टरच्या धंद्यातली आहेत. सिरियल कन्व्हर्टरच्या चिप बनवणाऱ्या एफटीडीआय या कंपनीचा नवा ड्रायव्हर २०१४ मध्ये विंडोज अपडेटमधून आला आणि नकली चिप ओळखून त्यांचा ओळखक्रमांकच शून्य करू लागला. ती उपकरणे जागच्या जागी मेली. ओरड झाल्यावर कंपनीला तो ड्रायव्हर मागे घ्यावा लागला. प्रॉलिफिक कंपनीने तिच्या जुन्या चिप बाद ठरवल्या आणि विंडोजच्या पुढच्या आवृत्त्यांसाठीचे तिचे ड्रायव्हर त्या चिपना नाकारतात, मग कन्व्हर्टर कितीही ठणठणीत असो. नकली मालाचा त्रास कंपन्यांना होतो, त्याबद्दल मला सहानुभूती आहे. पण शिक्षा भोगतो तो नकली चिप बनवणारा नव्हे; दुकानातून सीलबंद केबल विकत घेणारा वर्कशॉपवाला ती भोगतो. त्याला चिपचा नकलीपणा ओळखण्याचे कोणतेच साधन नसते.

मराठी छपाईने हे सगळे फार जवळून पाहिले आहे. आयआयटी कानपूरमध्ये उगम पावलेले आणि पुण्याच्या सी-डॅकने पुढे नेलेले जिस्ट कार्ड संगणकाच्या आतल्या खाचेत बसवले की डॉसवर देवनागरी दिसू लागे. ती खाच आजच्या मदरबोर्डवर नाही. नंतरच्या काळातल्या अनेक डीटीपी सॉफ्टवेअरची कुलपे प्रिंटरच्या पोर्टला लावायची असत. तो पोर्टही गेला. त्या काळात टंकलेली पुस्तके, दिवाळी अंक, शाळांची दप्तरे यांतले काय वाचले आणि काय अडकले, याचा निकाल पुन्हा त्याच कसोटीवर लागतो. इस्की हे १९९१चे भारतीय मानक खुले होते, म्हणून त्यात साठवलेला मजकूर नियम लावून युनिकोडमध्ये आणता येतो. ज्या फाँटच्या अक्षररचनेची सारणी कोणी छापली नाही, त्या फाँटमधल्या मजकुरासाठी कन्व्हर्टर लिहिणाऱ्यांना एकेक जोडाक्षर ताडून पाहावे लागले. यात किती श्रम गेले असतील, याची कल्पना या कामाला कधीतरी हात लावलेल्या प्रत्येकाला आहे.

यावर पहिला आक्षेप सुरक्षेचा घेतला जातो, आणि तो गंभीर आहे. सुरक्षा दुरुस्त्या बंद झालेली विंडोज वापरणे धोक्याचे. २०१७ च्या वॉनाक्राय सायबर हल्ल्यात ब्रिटनमधली अनेक रुग्णालये ठप्प झाली होती. पेनड्राइव्हही निरुपद्रवी नाही. स्टक्सनेट हे घातक सॉफ्टवेअर इराणच्या अणुकेंद्रातल्या यंत्रणेत यूएसबीच्याच वाटेने शिरले असे मानले जाते. तेव्हा जुना संगणक इंटरनेटला जोडू नये, त्याच्याकडे जाणारा पेनड्राइव्ह आधी तपासावा, हे मला पूर्ण मान्य आहे. पण लोक जुनी विंडोज का धरून बसतात, हा प्रश्नही विचारला पाहिजे. पुष्कळदा लाखो रुपयांच्या यंत्राचा ड्रायव्हर विंडोज एक्सपीच्या पुढे चालतच नाही, म्हणून लॅबमध्ये एक्सपी राहते. जोडणीची माहिती खुली असती तर त्या यंत्रासाठी आजच्या सुरक्षित प्रणालीवर ड्रायव्हर लिहिता आला असता. म्हणजे असुरक्षिततेचे एक मोठे कारण गुप्तता हेच आहे, आणि तिचाच बचाव सुरक्षेच्या नावाने होतो. शिवाय साध्या सिरियल तारेने जोडलेला, जाळ्याबाहेरचा संगणक हा सर्वांत कमी चिंतेचा असतो.

दुसरा आक्षेप निर्मात्यांचा. आम्ही जन्मभर जुन्या मालाची सेवा द्यायची का? मुळीच नाही. मागणी सेवेची नाही, माहितीची आहे. उपकरण बनले तेव्हा ती माहिती अभियंत्यांनी लिहून ठेवलेलीच असते. ड्रायव्हरच्या कोडमध्ये इतर कंपन्यांचे परवानाधारक भाग असतील तर कोड देऊ नये. आज्ञावली आणि संकेतांचे वर्णन दिले तरी पुरे. व्यापारी गुपित म्हणाल, तर विक्री बंद झालेल्या दहा वर्षांपूर्वीच्या मॉडेलमध्ये असे कोणते गुपित उरते, हे कंपनीने सिद्ध करावे. आणि खुली जोडणी अव्यवहार्य आहे हे म्हणणे कंपन्यांनी स्वतःच खोटे पाडले आहे. फोनमध्ये हजारो प्रिंटरचे ड्रायव्हर कोंबता येत नाहीत हे दिसताच २०१० मध्ये ॲपलचे एअरप्रिंट आले, पाठोपाठ आयपीपी एव्हरीव्हेअर हे खुले मानक आले, आणि ड्रायव्हरशिवाय छपाई हा नेहमीचा भाग झाला. रक्ततपासणीच्या यंत्रांसाठी १९९०च्या दशकाच्या सुरुवातीलाच संदेशांचे सामाईक मानक ठरले, त्यामुळे एका कंपनीचे यंत्र दुसऱ्या कंपनीच्या सॉफ्टवेअरला निकाल कळवू शकते. कायद्याचा कलही इकडेच आहे. आपल्या कॉपीराइट कायद्यात १९९९ च्या दुरुस्तीने आलेले कलम ५२(१)(एबी) सांगते की, दोन प्रोग्राम एकत्र चालण्यासाठी आवश्यक माहिती सहज मिळत नसेल तर ती मिळवण्यासाठी कायदेशीर वापरकर्त्याने केलेली कृती हे उल्लंघन ठरत नाही. जी माहिती उलगडून काढण्याचा हक्क संसदेने दिला आहे, ती सरळ छापून द्या एवढेच आता सांगायचे आहे.

नवे घ्या, जुने भंगारात द्या, हा तिसरा सल्ला ऐकायला सोपा असतो. काही ठिकाणी तो बरोबरही असतो. पत्र टंकण्यापुरता वापरला जाणारा, वीज खाणारा पेंटियम-४ आणि त्याचा जाडजूड मॉनिटर जपण्यात अर्थ नाही. सॅन फ्रान्सिस्कोच्या म्युनी मेट्रोची गाडी-नियंत्रण यंत्रणा १९९८ पासून सव्वापाच इंची फ्लॉपीवर सुरू होते. तिथे सगळेच बदलायचे ठरले आणि २०२४ मध्ये हिताची रेलशी २१ कोटी २० लाख डॉलरचा करार झाला. प्रवाशांचा जीव ज्यावर अवलंबून आहे तिथे हा खर्च रास्त आहे. पण एवढा खर्च महानगर पेलते. शिरोलीच्या जॉबवर्कवाल्याने प्रोग्राम पोचत नाही म्हणून चांगला लेथ विकायचा का? आणि टाकलेले जाते कुठे? संयुक्त राष्ट्रांच्या संस्थांच्या अहवालानुसार २०२२ मध्ये जगात ६ कोटी २० लाख टन ई-कचरा निर्माण झाला आणि त्यातला २२.३ टक्केच अधिकृत पुनर्प्रक्रियेत गेल्याची नोंद आहे. आपल्याकडे उरलेला माल कोणाच्या हाताने, कोणत्या धुरात फोडला जातो, हे धारावीच्या गल्ल्यांत जाऊन पाहता येते.

भारतात या दिशेने हालचाल झालेली आहे. एप्रिल २०२३ पासून नवे ई-कचरा नियम लागू झाले, त्याआधी डिसेंबर २०२२ मध्ये ग्राहक व्यवहार खात्याने दुरुस्तीच्या हक्काचे पोर्टल सुरू केले. दोन्ही स्वागतार्ह आहेत. मात्र नियमांचा भर टाकलेल्या वस्तूंच्या पुनर्प्रक्रियेवर आहे, आणि पोर्टल कंपन्यांच्या राजीखुशीवर चालते. ई-प्रशासनासाठी खुल्या मानकांचे धोरण केंद्राने २०१० मध्येच स्वीकारले. त्याचा आशय सरकारने विकत घेतलेल्या यंत्रांच्या पोर्टपर्यंत आणायला हवा. युरोपने डिसेंबर २०२४ पासून फोनसाठी एकच चार्जिंग पोर्ट सक्तीचा केला, म्हणजे सरकारने मनावर घेतले तर कंपन्या ऐकतात. मात्र केवळ पिनेचा आकार सारखा करून भागणार नाही, कारण त्याच यूएसबी-सी पोर्टच्या मागे कोणतीही खासगी भाषा लपवता येते. जिल्हा रुग्णालयांची तपासणी यंत्रे, आयटीआयमधले सीएनसी, तहसील कार्यालयांतले प्रिंटर आणि स्कॅनर यांच्या निविदांत एक अट असावी: जोडणीची पूर्ण माहिती यंत्रासोबतच सरकारकडे जमा करायची, आणि कंपनीने सेवा थांबवली वा कंपनीच बंद पडली त्या दिवशी ती माहिती सर्वांना खुली व्हायची. कंपनी बुडाली तर माहितीही बुडते, म्हणून आधीच जमा करण्याचा आग्रह.

कायदा येईपर्यंत हातावर हात ठेवून बसण्याची गरज नाही. जुने यंत्र अजून कंपनीच्या सेवेत असेल तर त्याची जोडणी-पुस्तिका, केबलचे पिन-चित्र आणि कंट्रोलरमधल्या सेटिंगची यादी आत्ताच मागून घ्या आणि कागदावर छापून ठेवा. पाच वर्षांनी उत्तर देणारा माणूस त्या नंबरवर नसेल. आणि वर्कशॉप, लॅब, पतसंस्था, साखर कारखाना यांपैकी ज्या कोणाला यंदा नवे यंत्र घ्यायचे असेल, त्यांनी विक्रेत्याच्या कोटेशनमध्ये ‘संपर्क-पद्धतीची संपूर्ण माहिती यंत्रासोबत दिली जाईल’ ही ओळ लिहून घ्यावी, आणि ती नसेल तर ऑर्डर देऊ नये.